एमजी टीडी १९५२ की नवी स्विफ्ट? इंजिनं जवळपास सारखीच आहेत म्हणून विचारतोय

टॉवेलवाला_सोलापूर:

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, राहायला जुळे सोलापुरात. रोजचं जाणं-येणं, अधूनमधून पुणे. घरातली गाडी चौदा वर्षांची झाली, आता बदलायचीच आहे. मेव्हण्याने नवी स्विफ्ट घेतली आणि लगेच दोन आठवडे बाहेरगावी गेला, किल्ली माझ्याकडे ठेवून. त्यामुळे ती मनसोक्त चालवून झाली.

आता घोळ कुठे आहे ते सांगतो. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामाच म्हणायचो, ते दिवाळीआधी गेले. मूलबाळ नाही. तेराव्याला आत्याने मला मागच्या खोलीत बोलावलं, कुलपाच्या किल्लीएवढी छोटी किल्ली हातात ठेवली आणि म्हणाली, "ही तुला. वीक, ठेव, काय करायचं ते कर, पण पत्र्याखाली सडू देऊ नकोस." गाडी म्हणजे एमजी टीडी, १९५२ची, गडद हिरवी. मामांच्या वडिलांनी गिरणीतल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली, साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा. पुतण्याने बघितली आणि विचारलं, "काका, एमजी म्हणजे हेक्टरवालीच ना? मग ही एवढीशी का?" त्याला इंग्लंडमधलं अॅबिंग्डन, तिथला कारखाना, युद्धानंतर अमेरिकनांनी असल्या गाड्या कशा उचलल्या, सगळं सांगायला गेलो. पोरगं मोबाईल काढून बसलं.

रात्री हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर दोन्ही गाड्यांचे आकडे शेजारी-शेजारी लिहिले आणि झोप उडाली. एमजीचं इंजिन १२५० सीसी, स्विफ्टचं ११९७. म्हणजे म्हातारीचं मोठं! वजन एमजीचं पावणेनऊशे किलो, स्विफ्टचं सव्वानऊशेच्या आत. लांबी ३.६८ मीटर आणि ३.८६ मीटर, वीतभराचासुद्धा फरक नाही. पण ताकद ५४ हॉर्सपॉवर विरुद्ध जवळपास ८२, तीही एक सिलिंडर कमी असताना. आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते वजनाचं. त्या वरच्या चाळीस-पन्नास किलोंत स्विफ्टने लोखंडी छप्पर घेतलं, चारही खिडक्यांच्या काचा घेतल्या, मागची सीट, एसी, सहा एअरबॅग घेतल्या. एमजीत यातलं काहीही नाही. तिच्या अंगाला पत्र्याखाली लाकडी सांगाडा आहे, सुतार बोलवावा लागेल असा.

पौषातल्या एका रविवारी दोन्ही गाड्या तुळजापूरला नेल्या. सकाळी स्विफ्टमध्ये बायको-मुलांना घेऊन दर्शन करून आलो. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही घडलंच नाही, आणि ही तक्रार नाही. मुलं झोपली, घाट कधी चढलो कळलं नाही, येताना स्क्रीनवर लिटरला बावीस किलोमीटर दिसत होते.

दुपारी एमजी काढली. बायकोने हात जोडले, "माझं दर्शन झालंय." म्हणून शेजारी आमच्या टेम्पोचा ड्रायव्हर. दारं उलटी उघडतात, बिजागऱ्या मागच्या बाजूला. दार कोपरापाशी असं कापलंय की हात बाहेर सोडला तर डांबराला लागेल असं वाटतं. शेजारून ट्रक गेला की त्याच्या चाकाचे नट मोजून होतात. पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येते, ती मी पाडली, आणि उळ्याच्या पुढे कुणाच्या तरी शेतात हुरडा भाजत होते त्या आगटीचा धूर थेट नाकात. पन्नासला होतो बरं का. स्विफ्टमध्ये पन्नासला माणूस पेंगतो, इथे वाटत होतं पोलीस आता पकडतील.

तामलवाडीच्या अलीकडे गाडी खोकायला लागली. पेट्रोलचा वास, सायलेन्सरमधून काळा धूर, मी घामाघूम. बॉनेटचा एक पाखा उघडून उगाच आत बघत उभा. शंभर-दीडशे सीसीचे जाणकार थांबून सल्ले द्यायला लागले. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "सायेब, चोक." थंड इंजिन चालू व्हावं म्हणून घरून निघताना ओढलेला चोक मी तसाच ठेवला होता. इतके किलोमीटर. त्यानंतर गाडी त्याने घेतली, आणि मंडळी, मला लाज वाटली. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर अलगद बसवणारी सोय, नाही, मी प्रत्येक वेळी जात्यात खडे टाकल्यासारखा आवाज काढत होतो. हा बाबा वीस वर्षं जुने ट्रक चालवलेला. डबल क्लच मारून, म्हणजे एका गिअरसाठी दोनदा क्लच दाबून, असा गिअर टाकायचा की कळायचंच नाही. घाट त्याने चढवला, मी शेजारी बसून हात बाहेर टाकून बसलो.

मुंबईच्या एका व्यापाऱ्याने फोटोवरून भाव सांगितलाय. आकडा लिहीत नाही, पण दोन स्विफ्ट दारात उभ्या राहतील आणि उरलेल्यात चार लूमची बेअरिंगं बदलून होतील. घरापुढे जागा एका गाडीची आहे. एमजी दुरुस्त करून रोज वापरायची म्हटलं तर जमेल का? की विकू? भावनिक उत्तरं नकोत, ती घरात भरपूर मिळतात.

सातरस्ता_सिग्नल:

स्विफ्ट घ्या, विषय संपला. छप्पर नसलेली गाडी घेऊन मे महिन्यात दुपारी दोनला सात रस्त्याला उभं राहून दाखवा, मग बोलू. ४३ डिग्रीत तुमचं डोकं इंजिनाच्या आधी उकळंल. मायलेज बघा: साडेबारा गॅलनची टाकी आणि लिटरला नऊ-दहा किलोमीटर. पुण्याला जाऊन यायचं तर इंदापूरच्या पुढं पाकिटाकडं बघत बसाल. आमच्या एका मित्राने अशीच एक जुनी गाडी हौसेनं घेतली होती, तिच्यात आता कोंबड्या आहेत.

बाळीवेस_बाई:

आकड्यांच्या यादीत तुम्ही एअरबॅग "वजन" म्हणून लिहिल्यात, ते वाचून थांबले.

एमजीत पट्टे नाहीत. स्टिअरिंगचा दांडा सरळ, आत दुमडण्याची सोय नसलेला. समोरून धडक बसली तर तो चालवणाऱ्याच्या छातीकडेच येणार. त्या काळच्या बहुतेक गाड्यांना तसाच असायचा. चारही चाकांना ड्रम ब्रेक, टायर साडेपाच इंच रुंदीचे. तुम्ही ब्रेक दाबाल तेव्हा पुढची स्विफ्ट थांबलेली असेल आणि तुम्ही अजून थांबत असाल. गाडी वाईट आहे असं मुळीच म्हणत नाही. १९५२ साली ती चांगलीच मानली जायची, पुढची चाकं स्वतंत्र स्प्रिंगवर, स्टिअरिंग रॅक-पिनियनचं, जे आज स्विफ्टलाही आहे. पण १९५२ साली हैदराबाद रस्त्यावर उलट्या दिशेने येणारी उसाची ट्रॉली बिनलाइटची असली तरी बैलांची होती.

माझे वडील मला फियाटच्या पुढच्या सीटवर उभं करून चाटी गल्लीत न्यायचे. आठवण गोड आहे. मी माझ्या मुलीला तसं नेणार नाही. तुमचा मुलगा शेजारी बसणार असेल तर रोजची गाडी कोणती, याला दुसरं उत्तर नाही.

एमएच१३_कागद:

भावना नकोत म्हणालात, म्हणून कागदाचं सांगतो. २०२१पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, गाडी मूळ रूपात असली पाहिजे, फार काटछाट केलेली नको. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. नवीन नोंदणी असेल तर नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर नूतनीकरणाला ५,०००.

मेख इथं आहे: व्हिंटेज नोंदणी केली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. म्हणजे "एमजीनं रोज एमआयडीसीत जाऊ का" याचं उत्तर नियमातच आहे. तशी नोंदणी न करता जुन्याच नोंदणीवर ठेवायची तर फेरनोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर हे चक्र आहेच. आधी मामांच्या कपाटातलं आरसी पुस्तक शोधा. ते सापडलं नाही तर बाकीची चर्चा करून उपयोग नाही. आणि वारसाने नाव चढवून घ्या, आत्याबाई आहेत तोवर. वाईट वाटून घेऊ नका.

डबलक्लच:

टॉवेलवाले, तुमच्या ड्रायव्हरला माझा नमस्कार सांगा. त्याला सोडू नका, पगार वाढवा.

आमच्या वडलांचं मुरारजी पेठेत ग्यारेज होतं. मी शाळा सुटली की तिथंच. तुमच्या मामांचीच गाडी असंल का सांगता येत नाही, पण अशी एक हिरवी एमजी यायची, आणि ती आली की वडील बाकीची कामं बाजूला सारायचे. मला हाक मारायचे, "ए, लाल डबा आण." त्या डब्यात तिचे पाने होते. फक्त तिचे.

कारण सांगतो. हे लै कमी लोकांना माहीत हाय. त्या इंजिनाच्या बोल्टचे आटे मिलिमीटरचे हायत, पण बोल्टचं डोकं इंग्लिश व्हिटवर्थ मापाचं. इंग्लंडची गाडी आणि आटे फ्रेंच! १९२३ साली मॉरिस या इंग्लिश गाडीवाल्यानं कॉव्हेंट्रीतला हॉचकिस नावाच्या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, तिथली यंत्रं मिलिमीटरवाली. यंत्रं फेकून द्यायची का? नाही. आटे तसेच ठेवले, आणि इंग्लंडातल्या मिस्त्र्यांकडं होते ते पाने बसावेत म्हणून डोकी व्हिटवर्थची केली. तेच खूळ पुढं मॉरिसच्या घरातून एमजीत आलं. आता तुम्ही ही गाडी आजच्या पोराकडं नेली तर तो चौदा नंबरचा पाना लावंल, तो थोडा ढिला बसंल, मग पोरगं जोर करंल, आणि बोल्टचं डोकं गोल. एकदा गोल झालं की मग छिन्नी. छिन्नी लागली की त्या गाडीची अब्रू गेली म्हणायची.

दुसरं, तिला एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर हायत, इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारे. दोन्हींनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन लंगडतं. याला वडील काय मशीन लावायचे? काही नाही. हातभर रबरी नळी. एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. इकडं ऐकायचं, तिकडं ऐकायचं, स्क्रू पाव आटा फिरवायचा, परत ऐकायचं. फुस्स आवाज दोन्हीकडं एका सुरात आला की झालं. बाहेर पेठेत टांगे, लाउडस्पीकर, आणि हे डोळे मिटून बसलेले. मला नळी द्यायचे आणि विचारायचे, "कुठला जास्त ओरडायला?" मी उगाच काहीतरी सांगायचो. बरोबर आलं की शेंगाचा लाडू.

तुमच्या स्विफ्टमध्ये हे काम कॉम्प्युटर सेकंदाला कितींदा तरी करतो आणि तुम्हाला सांगतपण नाही. मी स्वतः स्विफ्टच चालवतो, जुनं मॉडेल. बारा वर्षात बॉनेट मी पाणी भरायलाच उघडलं. तिला मी लागत नाही. तुम्हाला गाडीची तुलना करायची हाय तर ही करा की. १२५० आणि ११९७ काय घेऊन बसला.

म्हणून माझा प्रश्न गाडीच्या वयाचा नाही. मामांच्या मिस्त्रीचं वय किती? जिवंत हाय का? हात थरथरतो का? गाडी ७० वर्षांची हाय, ती अजून ७० काढंल, लोखंड हाय. मिस्त्री ८०चा असला आणि शागीर्द नसला तर तुम्ही गाडी ठेवणार नाही, तुम्ही एक मोठं खेळणं ठेवणार.

पेट्रोलचं पण बघा. आता वीस टक्के इथेनॉलचं मिळतंय. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा ते खातंय, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीत पाणी धरतंय. सगळ्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या टाका. तिचा पेट्रोल पंप इंजिनाच्याच कोठीत हाय, आपल्या उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी मध्येच बसणार. तवा पंपावर ओलं फडकं टाकायचं. तुम्हाला तर टॉवेलची कमी नाही बे!

सातरस्ता_सिग्नल:

वरचं वाचून मी माझा कोंबड्यांचा मुद्दा मागं घेतो. मे महिन्याचा घेत नाही.

टॉवेलवाला_सोलापूर:

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय कारण मधे गड्ड्याची जत्रा झाली, कारागीर सुट्टीवर, ऑर्डर अडकल्या.

बाई, तुमचं पहिलं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यांना भेटायला पाहिजे." स्विफ्ट बुक केली. त्या बाबतीत वाद उरला नव्हताच, मलाच तो हवा होता.

एमएच१३, आरसी पुस्तक सापडलं. आत्याच्या देव्हाऱ्यात, पोथीखाली. मामा दर दसऱ्याला गाडीला हार घालून ते पुस्तक परत तिथेच ठेवायचे म्हणे. वारसाचे कागद केलेत, व्हिंटेजचा अर्ज पुढच्या महिन्यात.

डबलक्लच, तुमचा प्रश्न मला झोंबला. मामांच्या डायरीत मिस्त्रीचा पत्ता होता, फोन लागत नव्हता. म्हणून मुलाला घेऊन शोधत गेलो. ७६ वर्षांचे आहेत. हात थरथरतो, चहाचा कप बशीवर वाजत होता. शागीर्द नाही, नातू बॅटरीच्या रिक्षा दुरुस्त करतो. मामा गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग "चोक नीट बसतो का?" एवढंच विचारलं. मी खरं ते सांगितलं नाही.

रविवारी रिक्षाने कारखान्यावर आले. त्यांच्याकडेही डबा होता, पण लाल नाही, पार्ले बिस्किटांचा पत्र्याचा. नळीसुद्धा होती! (मला वाटलं होतं तुम्ही थोडं रंगवून लिहिलंय.) स्वतः ऐकलं, मग मान हलवून म्हणाले, उजव्या कानाने आता भागत नाही, आणि नळी माझ्या मुलाच्या हातात दिली. नववीतला मुलगा, एरवी कानात इअरफोन असतात म्हणून घरात रोज भांडण. त्याने इकडे लावली, तिकडे लावली, परत इकडे. म्हणाला, "पुढचा जास्त आवाज करतोय. मागच्याचा बारीक आहे." मिस्त्रींनी स्क्रूला हात त्याचाच लावून घेतला, स्वतःचा थरथरतो म्हणून. पाव आटा. परत नळी. असं पाऊण तास चाललं. मी कॉन्ट्रॅक्टरचे फोन घेत होतो, मला नीट काही कळलं नाही, पण शेवटी इंजिन असं फिरायला लागलं की बॉनेटवर ठेवलेला पेला हलेना.

तर तूर्त असं ठरलंय. मुंबईच्या व्यापाऱ्याला नाही कळवलं. दर दुसऱ्या रविवारी मिस्त्री येणार, मुलगा आणि टेम्पो ड्रायव्हर शिकणार. मिस्त्रींनी पैसे किती ते सांगितलं नाही, रिक्षाभाडं आणि जेवण म्हणाले. ते मला पटत नाहीये, बघू. हे किती दिवस चालेल, माहीत नाही. मुलाची पुढच्या वर्षी दहावी आहे आणि बायकोने तारीख आत्ताच सांगून ठेवलीय, कुठल्या रविवारपासून बंद. तोवर व्हिटवर्थचे पाने जुन्या बाजारात शोधतोय, कुणाकडे असतील तर कळवा.

गाडी गोदामात, गाठींच्या मागे उभी आहे. खाली रिजेक्ट मालातला पांढरा टॉवेल अंथरलाय आणि रोज सकाळी तेलाचे थेंब मोजतो. सोमवारी अकरा होते, काल सात, आज चार.

डबलक्लच:

पाने माझ्याकडं हायत, लाल डब्यासकट. येऊन घेऊन जा, पण विकत नाही, वापरायला देणार.

आणि थेंब कमी झाले म्हणून खूष होऊ नका बे. आधी काडी काढून बघा, आत तेल शिल्लक हाय का.